आदळलेली, बुडालेली ई-गाडी दारात आली की: बॅटरीची तपासणी कुठून सुरू करायची

पेट्रोल गाडीचा अपघात झाला की मेकॅनिक आधी बॅटरीची वायर काढतो, टाकी गळतेय का ते बघतो आणि कामाला लागतो. इलेक्ट्रिक गाडीत ही सवय अर्धीच उपयोगी पडते. चावी काढली, बारा व्होल्टची बॅटरी काढली, सर्व्हिस प्लगही, म्हणजे पॅकची वीज तोडायला हाताने काढायचा प्लग, उपसला, तरी सेलच्या, म्हणजे बॅटरी पॅकमधल्या सुट्या बॅटऱ्यांच्या, आत साठलेली ऊर्जा जागेवरच असते. पॅकबाहेर जाणारी वीज तोडता येते, पण खुद्द पॅकला बंद करायचा खटका नसतो. शिवाय मार बसलेला सेल लगेच पेटेलच असं नाही. तो काही तासांनी, काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही पेटू शकतो. त्यामुळे ही तपासणी एकदा बघून 'ओके' म्हणण्याचं काम नाही. ती काही दिवसांची राखण आहे. तिचा क्रम असा: आधी अंतर, मग नजर, मग वेळ, आणि सगळ्यात शेवटी हात.

हा लेख गॅरेजमध्ये, टोइंगच्या कामात किंवा स्कूटर दुरुस्तीत नव्याने आलेल्यांसाठी आहे. पॅक उघडणं यात येत नाही. ते काम त्या गाडीचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं.

गाडी ओळखा

नोंदणी झालेल्या ई-वाहनाची नंबरप्लेट हिरवी असते. खासगी गाडीवर पांढरी अक्षरं, टॅक्सी-रिक्षावर पिवळी. मात्र ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, २५० वॅटपर्यंतच्या स्कूटरना नोंदणी लागत नाही, म्हणून त्यांना प्लेटच नसते. प्लेट नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. पॅक त्यांच्यातही असतोच.

मग व्होल्टेज. बहुतेक इलेक्ट्रिक कारचे पॅक ३०० ते ४०० व्होल्टचे असतात, काही नव्या गाड्या ८०० व्होल्टच्या घरात गेल्या आहेत. ६० व्होल्ट डीसीच्या वर शॉकचा धोका धरतात. कारमध्ये त्या वरच्या व्होल्टेजच्या केबल नारिंगी असतात. स्कूटरच्या पॅकमध्ये तो रंग दिसेलच असं नाही. '४८ व्होल्ट' म्हणून विकलेला पॅक पूर्ण चार्ज झाल्यावर ५८ च्या पुढेही जाऊ शकतो आणि '७२ व्होल्ट'चा वीस सेलचा पॅक ८४ पर्यंत. म्हणजे दुसरा उघडउघड धोक्याच्या रेषेपलीकडचा. पहिल्यात शॉकची भीती कमी असली तरी शॉर्टची कमी नाही. दोन टोकांवर पाना पडला तर शेकडो अँपिअर वाहतात, आणि बोटातली अंगठी त्या वाटेत आली तर ती लाल होते.

सेलची जात कळली तर तीही लिहून ठेवा. कागदपत्रांत किंवा पॅकच्या लेबलवर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) किंवा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असं असतं. एलएफपी सेल तापून भडकायला जास्त उष्णता लागते, म्हणून लोक त्याला 'सेफ' म्हणतात. हा शब्द जपून वापरा. एलएफपी भडकला नाही तरी त्यातून निघणाऱ्या वायूत हायड्रोजनचं प्रमाण मोठं असतं. तो बंद खोलीत साठला आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो.

पायरी १: लांबूनच बघा, ऐका

गाडी क्रेनवरून उतरवायच्या आधी, वाऱ्याच्या दिशेने उभे राहून, म्हणजे वारा तुमच्याकडून गाडीकडे जाईल असे, पाच मिनिटं नुसती पाहणी करा. शोधायचं ते हे:

- गाडीखालून किंवा सीटखालून निघणारा पांढरा, जड धुरकट ढग. नवखा माणूस याला पाण्याची वाफ समजतो. ती बहुधा इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे सेलमधल्या द्रवाची, वाफ असते, आणि ती पेट घेते.
- कुकरची शिट्टी बसत नसताना येते तशी फुसफुस, किंवा फटाक्याच्या माळेसारखे बारीक पट-पट आवाज. सेलची झडप उघडल्याचे हे आवाज.
- नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर, झोंबणारा वास. वास आला म्हणजे तुम्ही जास्त जवळ आहात. मुद्दाम हुंगायला जाऊ नका.
- पॅकखाली थेंब. हिरवं, गुलाबी किंवा निळं पाणी बहुधा कूलंट असतं. रंगहीन आणि पटकन उडून जाणारं काही असेल तर हात लावू नका.

पहिल्या तिनांपैकी एकही गोष्ट दिसली तर तपासणी तिथेच थांबवा. माणसं मागे घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात 'इलेक्ट्रिक गाडी आहे' हे सांगा. अग्निशमन दलाची पाण्याची तयारी त्यावर ठरते. काही उत्पादकांच्या बचाव पुस्तिकांत एका कारसाठी अंदाजे ११ हजार ते ३० हजार लिटर पाणी धरलेलं आहे. आपल्याकडचा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा म्हणजे प्रमाण कळेल. पावडरचा सिलिंडर सीट-वायरिंगची आग विझवेल, पण सेलच्या आत सुरू झालेली उष्णतेची साखळी तोडू शकत नाही. ती फक्त थंड करून थांबते, आणि थंड करायला पाणीच लागतं.

धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी, आम्लधर्मी वायू असू शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. जळून गेलेल्या पॅकची राख किंवा काळं पाणी उघड्या हातांनी पुसू नका. अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. जिथे अशी कामं नेहमी होतात तिथल्या प्रथमोपचार पेटीत कॅल्शियम ग्लुकोनेट जेल असावं. या आम्लाच्या भाजण्यावर तेच वापरतात.

पायरी २: जागा

ही पायरी लोक सर्वांत जास्त टाळतात, कारण जागेला पैसे पडतात. तरी नियम साधा आहे. संशयित गाडी इमारत आणि इतर गाड्यांपासून १५ मीटर लांब, उघड्यावर. तेवढी जागा नसेल तर तीन बाजूंनी काँक्रीटची किंवा मातीची भिंत. सोसायटीचं तळघर पार्किंग, शटर ओढलेलं गॅरेज, डिझेलच्या कॅनशेजारचा कोपरा, यांपैकी काहीही नको.

पावसाळ्यात पंचाईत होते. काचा उघड्या ठेवल्या तर पाणी आत जातं, ताडपत्रीने गुंडाळली तर वायू आत साठतो. यावर चारही बाजूंनी उघडा पत्र्याचा मांडव हाच चांगला उपाय. ताडपत्री घालावीच लागली तर ती छतावरून तिरपी ताणा, खालून हवा खेळती ठेवा.

कार नेताना चारही चाकं वर असलेला फ्लॅटबेडच मागवा. चाकं रस्त्यावर फिरली की मोटर जनरेटरसारखी वीज तयार करते आणि तुटलेल्या केबलमध्ये ती पोचू शकते. दोन चाकं उचलून ओढणारी क्रेन 'जवळच तर जायचंय' म्हणाली तरी नाही म्हणा.

पायरी ३: वीज तोडणं, पण क्रमाने

इथे घाई करून नुकसान होतं. बारा व्होल्टची बॅटरी काढली की कॉन्टॅक्टर, म्हणजे पॅकच्या तोंडाशी असलेले मोठे रिले, उघडतात आणि नारिंगी केबलचा पुरवठा तुटतो. हे हवंच आहे. पण त्याचबरोबर काचा, डिकी, दरवाज्यांची कुलपं आणि बीएमएस, म्हणजे पॅकवर नजर ठेवणारं सर्किटही झोपतं. म्हणून आधी काचा खाली घ्या, डिकी उघडा, हँडब्रेक लावा, चाकांना उटी द्या. गाडी पाण्यात बुडालेली नसेल आणि पहिल्या पायरीत काही आढळलं नसेल, तरच स्कॅनर लावून फॉल्ट कोड आणि सेलचे आकडे उतरवून घ्या. नंतर ते मिळतीलच असं नाही. बुडालेली गाडी मात्र काच खाली घेण्यासाठीही 'ऑन' करू नका.

एअरबॅग उघडल्या असतील तर बहुतेक गाड्यांत त्याच क्षणी पुरवठा तुटलेला असतो. काहींत त्यासाठी स्फोटक फ्यूज असतो. त्यावर विसंबू नका. धक्क्याने किंवा मोठ्या प्रवाहाने कॉन्टॅक्टरची टोकं चिकटू शकतात, आणि मग बारा व्होल्ट काढूनही केबल जिवंत राहते.

बारा व्होल्टची निगेटिव्ह वायर काढून टोकाला टेप गुंडाळा. चावी किंवा कार्ड गाडीपासून लांब, दुसऱ्या खोलीत. नंतर सर्व्हिस प्लग. तो कुठे आहे, कसा काढायचा हे त्या मॉडेलच्या बचाव पुस्तिकेत चित्रासह असतं. काढलेला प्लग खिशात किंवा कुलूपबंद ठेवा, नाहीतर कुणीतरी 'सुटलाय वाटतं' म्हणून परत बसवतो. इन्व्हर्टरमधल्या, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या यंत्रातल्या, कपॅसिटरमध्ये वीज उरते, म्हणून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. तो साधारण पाच ते दहा मिनिटांचा असतो.

यानंतर वीज खरंच गेली का हे मोजणं. हे प्रशिक्षित माणसानेच करायचं, पण मदतनिसालाही क्रम माहीत हवा:

१. कॅट-थ्री (मीटरची सुरक्षा-श्रेणी) १००० व्होल्टचा मल्टिमीटर घ्या. बाजारातला तीनशे रुपयांचा पिवळा मीटर इथे चालत नाही.
२. आधी तो माहीत असलेल्या चालू स्रोतावर लावून बघा. आकडा आला पाहिजे.
३. मग गाडीच्या मोजणीच्या जागी: पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, पॉझिटिव्ह-बॉडी, निगेटिव्ह-बॉडी.
४. पुन्हा त्याच चालू स्रोतावर. शेवटची तपासणी विसरली तर मधला शून्य खरा की मीटरच्या फ्यूजमुळे आलेला, हे कळत नाही.

हातमोजे क्लास झिरोचे, वर चामड्याचे. क्लास झिरो म्हणजे एसी १००० आणि डीसी १५०० व्होल्टपर्यंत वापरायचे. दर वेळी घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडा आणि गळते का ते गालाजवळ धरून बघा. सुईएवढं भोक असलं तरी मोजा बाद. दर सहा महिन्यांनी ते चाचणीला पाठवावे लागतात. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन, मंगळसूत्र काढून ठेवा. दुसरा माणूस दोन-तीन मीटरवर इन्सुलेटेड हुक घेऊन उभा हवा, आणि त्याच्या हातात दुसरं काही काम नको.

पायरी ४: पॅकची बाहेरून तपासणी

कारचा पॅक फरशीखाली असतो आणि आपल्याकडे त्याचा शत्रू समोरून येणारी गाडी असतो तितकाच उंच स्पीडब्रेकर आणि रस्त्यातला दगडही. वरून पत्रा शाबूत दिसतो आणि खाली पोचा असतो. गाडी लिफ्टवर घेताना लिफ्टचे हात पॅकवर नाहीत, जॅकपॉइंटवर आहेत हे दोनदा बघा. पोचा पडलेल्या पॅकवर गाडीचं वजन पडलं तर उरलेलं काम लिफ्ट करते.

खाली बघताना पोच्यावर सरळ पट्टी आडवी धरून खोली मोजा, फोटो काढा आणि उत्पादकाच्या मर्यादेशी ताडून बघा. अनेक पॅकमध्ये कूलिंग प्लेट तळाशीच असते. पोचा उथळ असला तरी तिची वाहिनी फुटली तर कूलंट पॅकच्या आत गळतं, आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. म्हणून कूलंटच्या टाकीची पातळी आधी आणि दुसऱ्या दिवशी, दोन्ही वेळा खुणेने नोंदवा. बाहेर गळती नसताना पातळी उतरली तर ते पॅकमध्ये जात आहे असंच धरा.

बोल्टवरची रंगाची खूण सरकली आहे का, पॅकचा कोपरा चेसिसपासून सुटला आहे का, सीलमधून गोंद बाहेर आला आहे का, नारिंगी केबलचं आवरण दाबलं-खरचटलं आहे का, कनेक्टरवर हिरवट गंज आहे का, हे बघा. पॅकला हवेची एक छोटी झडप असते. ती फाटली किंवा काळी पडली असेल तर आत कधीतरी दाब वाढला होता. अशी गाडी सरळ लाल, म्हणजे सर्वांत धोक्याच्या, यादीत.

तापमान

थर्मल कॅमेरा उपयोगी आहे, पण फसवतोही. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो आजूबाजूच्या उष्णतेचं प्रतिबिंब वाचतो. पॅकवर पाच-सहा ठिकाणी काळी मॅट टेप चिकटवा, आकडे घाला आणि दर वेळी त्याच टेपवर मोजा. शेजारी हवेचं तापमानही लिहा, नाहीतर दुपारच्या उन्हाने चढलेले अंश सेलच्या नावावर जातात. कॅमेरा फक्त कवच बघतो. आतल्या सेलची उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. म्हणूनच एका आकड्यापेक्षा आकड्यांची रांग महत्त्वाची.

आमचा आग्रह असा: पहिला तास दर १५ मिनिटांनी, पुढचे २४ तास दर दोन तासांनी, मग किमान दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ. उभ्या, बंद गाडीत एखादी टेप बाकीच्यांपेक्षा सतत गरम राहत असेल किंवा हवा थंड होत असताना ती चढत असेल, तर तो सेल स्वतःच तापतोय. सेलच्या आतला संरक्षक थर साधारण ८० ते १२० अंशांदरम्यान तुटायला लागतो आणि त्यापुढे उष्णता उष्णतेला वाढवते. बाहेरून एवढा आकडा दिसेपर्यंत वाट बघायची नसते.

सेलचे आकडे, आणि एकूण व्होल्टेज का पुरत नाही

स्कूटरच्या दुकानात सर्वांत जास्त होणारी चूक इथे आहे. सोळा एलएफपी सेलच्या ओळीचा पॅक घ्या, मीटर लावा, ४८.० व्होल्ट आले. मेकॅनिक म्हणतो, 'अठ्ठेचाळीसचा पॅक, अठ्ठेचाळीस दाखवतोय, ठीक आहे.' हाच आकडा दोन तऱ्हांनी येतो. सोळाही सेल ३.० वर असतील, म्हणजे पॅक जवळपास रिकामा. किंवा पंधरा सेल ३.२ वर आणि एक मेलेला, शून्यावर. बाहेरून दोन्ही सारखेच. दुसऱ्याला चार्जरवर लावणं म्हणजे आग बोलावणं. सेल खूप खाली गेला की त्यातलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते आतच साचून शॉर्ट करतं. एलएफपी किंवा एनएमसी, कोणताही सेल २ व्होल्टच्या खाली गेलेला आढळला तर तो पॅक चार्ज करून बघायचा नाही.

म्हणून बीएमएसच्या ॲपमधून किंवा स्कॅनरमधून प्रत्येक सेलचा आकडा घ्या. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा यांतला फरक लिहा, तारखेसह. गाडी अर्धा दिवस उभी राहिल्यावर ५० मिलिव्होल्टच्या वर फरक दिसला तर संशय धरा. एलएफपीत मधल्या टप्प्यात व्होल्टेजची रेघ इतकी सपाट असते की थोडा फरकही मोठी तफावत लपवतो. त्यामुळे पहिल्या दिवशीचा फरक आणि आठवड्यानंतरचा फरक यांची तुलना करा. निरोगी सेल आठवडाभर जवळपास हलत नाही. जो एकटाच उतरत जातो, त्याच्या आत गळती आहे.

इन्सुलेशनचा मापदंड कारसाठी ठरलेला आहे: डीसीसाठी दर व्होल्टमागे किमान १०० ओहम, एसी-डीसी जोडलेल्या यंत्रणेसाठी ५००. म्हणजे ४०० व्होल्टच्या गाडीत अनुक्रमे ४० हजार आणि २ लाख ओहम. हे तळाचे आकडे. चांगला पॅक त्याहून कितीतरी वर असतो. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, पॉझिटिव्ह ते बॉडी आणि निगेटिव्ह ते बॉडी असाच लावायचा, पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्ये कधीही नाही. आणि उत्पादकाने सांगितल्याशिवाय बीएमएस जोडलेल्या पॅकवर तर नाहीच, सर्किट जळेल.

पुरातली गाडी

आधी चिखलाची रेघ शोधा. उंबऱ्यापर्यंत, सीटपर्यंत की स्टिअरिंगपर्यंत, आणि किती तास. पॅक 'आयपी ६७' आहे याचा अर्थ तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकल्याची चाचणी झाली आहे. जुनं सील, आधीचा पोचा आणि रात्रभर साचलेलं पाणी यांची ती हमी नाही.

दुसरा प्रश्न पाणी गोडं की खारं. फ्लोरिडात २०२२ च्या इयन चक्रीवादळात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या ई-गाड्या नंतरच्या दिवसांत आणि आठवड्यांत पेटल्या. कारण मिठाचं आहे. पाणी सुकतं, मीठ सेलच्या पट्ट्यांमध्ये राहतं आणि हवेतला दमटपणा शोषून विजेला वाट करून देतं. मुंबईत भरतीच्या वेळी पाऊस कोसळला की नाल्यांतून खाडीचं पाणी मागे येतं, कोकणातल्या खाडीकाठच्या गावांतही तेच. अशा ठिकाणची बुडालेली गाडी खाऱ्या पाण्यातलीच समजा आणि थेट लाल यादीत टाका. पाण्यात असताना पॅकजवळ बुडबुडे किंवा फसफस दिसली तर तिथे विद्युत-अपघटन चालू आहे, हायड्रोजन तयार होतोय.

'सुकली की चालेल' म्हणून उन्हात ठेवून चार्जर लावू नका. आणि पॅक रिकामा करायला मिठाच्या पाण्यात बुडवायची युक्ती सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. टोकं गंजून तुटतात, आतले सेल भरलेलेच राहतात, आणि वर हायड्रोजन, क्लोरिन.

स्कूटर आणि काढता येणारे पॅक

तिसऱ्या मजल्यावर चार्जिंगला नेताना जिन्यात पडलेला पॅक हाही अपघातग्रस्तच. ग्राहक हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. कडेला सरळ पट्टी लावून फुगवटा बघा. खोबणीत अडकलेला पॅक पेचकसाने किंवा हातोडीने उपसू नका, तो फुगल्यामुळेच अडकलेला असतो. बाहेर निघाला तर उघड्यावर काँक्रीटवर किंवा विटांवर ठेवा. लाकडी फळीवर, लिफ्टमध्ये, दाराशी नाही.

लेबलवरची निर्मितीची तारीखही बघा. २०२२ च्या उन्हाळ्यातल्या स्कूटरच्या आगींनंतर दुचाकी-तिचाकींसाठीचं एआयएस १५६ हे मानक कडक झालं आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. त्याआधीच्या पॅकमध्ये पाण्यापासूनचं संरक्षण आणि धोक्याची सूचना कमी असण्याची शक्यता जास्त, म्हणून शंकेचा फायदा त्यांना देऊ नका.

निर्णय आणि कागद

लाल: वायू, आवाज, उष्णता, झडप फुटलेली, खारं पाणी, २ व्होल्टखालचा सेल, पॅकच्या कवचाला भोक. ही गाडी १५ मीटरवर आणि उत्पादकाला लेखी कळवायची. पिवळी: पोचा, गोड्या पाण्यात उंबऱ्यापर्यंत बुडालेली, इन्सुलेशनचा फॉल्ट, उतरणारा सेल. हिच्यावर दोन आठवड्यांची राखण, चार्जिंग नाही, चाचणी-फेरी नाही. हिरवी: फक्त पत्र्याचं नुकसान, सगळे आकडे सलग नीट. हिचं डेंटिंग-पेंटिंग सुरू करा. वेल्डिंग करायचं असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराच्या आत पॅक जागेवर ठेवू नका, आणि पेंट बेक करण्याआधी पॅकची तापमान-मर्यादा बघा.

गाडीच्या समोरच्या काचेवर आतून मोठ्या अक्षरांत कागद लावा: 'इलेक्ट्रिक, बॅटरीला मार, चार्ज करू नका', व्होल्टेज, सेलची जात, सर्व्हिस प्लग काढला की नाही, तारीख, शेवटचं तापमान. रात्रपाळीच्या वॉचमनला १०१ ला काय सांगायचं ते तोंडी समजावून सांगा, धूर सगळ्यात आधी त्यालाच दिसणार आहे. विमा सर्व्हेअरने 'टोटल लॉस' ठरवलं तर पॅक भंगारवाल्याच्या टेम्पोत जाता कामा नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यायचा. त्याच्यासोबत हाच कागद, त्यातल्या सगळ्या आकड्यांसह, जाऊ द्या.